‘न्हंय’ परत कशी आणायची?

प्रश्न : माझं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या बाजूला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षं झाली, गावोगावच्या बायकांकडून धालोची (पौषात बायका मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, गात नाचतात ती) आणि फुगडीची गाणी उतरवून घेते आहे. एकशे चाळीसच्या वर गाणी जमली, सगळी वर्डच्या एकाच फाइलीत. कॉम्प्युटरचा बॅकअप रोज रात्री आपोआप एक्स्टर्नल डिस्कवर होतो. महिन्यापेक्षा जुन्या प्रती डिस्क आपली आपण पुसते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत एका जाणकारांच्या सांगण्यावरून मी गाण्यांतली भाषा ‘शुद्ध’ केली. ‘न्हंय’ होती तिथं ‘नदी’, ‘आवय’ होती तिथं ‘आई’, सगळीकडे एकदम. पौषात मांडावर एका आजीला ती गाणी वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “बाये, हें आमचें न्हय.” (बाई, हे आमचं नव्हे.) आता मला जुनं हवं आहे आणि ते कुठंच नाही. बंगळुरूला नोकरी करणारा भाचा म्हणतो, “मावशी, हे गिटमध्ये ठेवायला हवं होतं.” गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणे. रोज बॅकअप होत असताना आणखी गिट कशाला? दोन्ही एकच नव्हे का?

उत्तर : ताई, एकच नव्हे. पण ते नंतर. आधी तुमची गाणी.

चवथीच्या आधी ती फाइल तुम्ही कुणाला तरी पाठवली असणार. सहा वर्षांचं काम कुणालाच दाखवलं नाही, असं सहसा होत नाही. ईमेलच्या ‘सेंट’मध्ये जा आणि अटॅचमेंट असलेल्या मेल शोधा. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवली असेल तर तिच्या फोनमध्ये बघायला सांगा. शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढायला नेली असेल, तर तो पेन ड्राइव्ह शोधा. एक जुनी प्रत मिळाली की वर्डमधल्या ‘रिव्ह्यू’त जाऊन ‘कम्पेअर’ करा. जुनी आणि नवी फाइल दिली की कुठला शब्द कुठं बदलला ते रंगीत खुणांनी दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतल्या निदान तिघांचं हरवलेलं काम असं सेंट मेलमध्येच सापडतं. तिथं नाहीच मिळालं, तर रोजचा बॅकअप आज थांबवा आणि ती डिस्क कुणा जाणत्याकडे न्या. पुसलेल्या प्रतींवर नवं काही लिहिलं गेलेलं नसेल, तर त्या कधीकधी परत मिळतात. चार महिन्यांनंतर आशा थोडीच आहे, तरी बघा.

एक मात्र करू नका. ‘नदी’च्या जागी परत ‘न्हंय’ असं सरसकट बदलू नका. तुमच्या गाण्यांत काही ठिकाणी बायकांनी स्वतःच ‘नदी’ म्हटलं असणार. धालोची भाषा अशीच असते, एका ओळीत कोंकणी आणि पुढच्या ओळीत मराठी. तुम्ही सगळं ‘नदी’ केलंत त्या क्षणी मूळची ‘नदी’ आणि तुम्ही घातलेली ‘नदी’ यांत फरक उरला नाही. उलटं बदललंत तर ज्या बाईनं ‘नदी’ म्हटलं तिच्या तोंडी ‘न्हंय’ जाईल, म्हणजे एका चुकीच्या दोन चुका. रेकॉर्डिंग असतील तर ती ऐकत एकेक गाणं तपासा. हळू काम आहे, पण खात्रीचं आहे.

तुमचं पत्र आल्या दिवशीच हे उत्तर लिहायला बसलो, त्याला कारण आहे. डिचोलीच्या बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे, १९९६ पासून. लग्नाच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, देवस्थानांच्या स्मरणिका. २०११ साली एका देवस्थानाची चौसष्ट पानी स्मरणिका माझ्याकडे होती. तिच्यात ऐंशीच्या घरातल्या एका भजनी बुवांचा लेख होता. गावचं भजन कसं सुरू झालं, पहिली पखवाज कुणी आणली, वास्कोच्या सप्ताहाला मंडळी कशी जायची, असं सगळं. समितीनं अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी त्यातले दोन परिच्छेद काढायला सांगितले. मी ते काढले आणि फाइल सेव्ह केली. तीन आठवड्यांनी जाहिरात रद्द झाली आणि समिती म्हणाली, ते परिच्छेद परत घाला.

माझ्याकडे बॅकअप होता. रोज रात्री नऊला आपोआप व्हायचा, सात दिवसांच्या सात प्रती. मी सातही उघडल्या. सातही धडधाकट होत्या आणि एकीतही ते दोन परिच्छेद नव्हते. बॅकअपनं काहीच चूक केली नव्हती. मी जे ठेवलं ते त्यानं रोज इमानानं उतरवून घेतलं, आणि ज्या प्रतीत परिच्छेद होते ती आठव्या दिवशी नियमाप्रमाणे पुसली. हस्तलिखित बुवांना परत दिलं होतं, ते त्यांच्या घरी सापडेना. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी तासभर सगळं पुन्हा सांगितलं, मी लिहून घेतलं आणि तेच छापलं. चांगलं होतं, पण पहिलं ते नव्हतं. पहिल्यात ते पावसाळ्यात कुठल्या व्हाळाकडे थांबायचे त्याची एक ओळ होती, ती दुसऱ्यांदा आली नाही.

तुमचं दुखणं याच जातीचं आहे. डिस्क जळली नाही, फाइल उडाली नाही, व्हायरस आला नाही. तुम्ही विचार करून एक बदल केलात आणि चार महिन्यांनी तो चुकीचा ठरला. बॅकअप बांधलेला असतो तो डिस्क जाण्यासाठी, चोरीसाठी, पुरासाठी, चुकून पुसलेल्या फोल्डरसाठी. गिटसारख्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, मी आवृत्त्यांची वही म्हणतो. ती बांधलेली असते ती माणसानं समजून-उमजून केलेल्या बदलांसाठी.

तुम्ही म्हणाल, जास्त दिवस ठेवणारा बॅकअप लावला की झालं. थोडं होतं. विंडोजमध्ये २०१२ पासून फाइल हिस्टरी आहे, ती ठरवून दिलेल्या फोल्डरांतल्या बदललेल्या फाइलींची प्रत तासातासाला ठेवते. ॲपलच्या मॅकवर २००७ पासून टाइम मशीन आहे. ते गेल्या चोवीस तासांची दर तासाची, गेल्या महिन्याची दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत ठेवतं, आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनी काढतं. दोन्ही चांगली आहेत, दोन्हींनी माझ्या गिऱ्हाइकांना वाचवलं आहे. पण ती चालतात घड्याळावर. तुमचं वाक्य अर्धं लिहून झालं असेल तेव्हाही प्रत निघते, आणि तुम्ही दिवसभर विचार करून एकच शब्द बदलला तरी तशीच प्रत निघते. वर्षानं तुमच्यासमोर ढीगभर तारखा असतील. ‘न्हंय’ कुठल्या तारखेपर्यंत होती? एकेक उघडून बघायची. आणि ती का बदलली, कुणी सांगितलं म्हणून बदलली, हे तर कुठल्याच तारखेवर लिहिलेलं नसेल.

गिटमध्ये नोंद होते ती तुम्ही सांगाल तेव्हाच. एक काम पुरं झालं की तुम्ही ‘कमिट’ करता, आणि त्याबरोबर एक ओळ लिहिता. तुमची ओळ अशी असती : ‘जाणकारांच्या सूचनेवरून सर्व गाण्यांत न्हंय बदलून नदी केली.’ नाव, तारीख, वेळ गिट स्वतः घालतं. पौषात आजीनं मान हलवली त्या संध्याकाळी तुम्ही यादी उघडली असती, ही ओळ सापडली असती, आणि गिटला सांगितलं असतं की एवढाच बदल उलटा कर, त्याला ‘रिव्हर्ट’ म्हणतात. जिथं तुम्ही ‘नदी’ घातली होती तिथंच ‘न्हंय’ परत आली असती, आजीच्या तोंडची मूळ ‘नदी’ जागची हलली नसती. आणि मधल्या चार महिन्यांत लिहिलेली नवी गाणी, सुधारलेल्या टिपा, सगळं शाबूत राहिलं असतं. बॅकअपमधून चवथीच्या आधीची फाइल काढली, तर चवथीनंतरचं सगळं काम तिच्यात नसतं. ते पुन्हा हातानं भरावं लागतं. मधल्या काळात तुम्ही तीच ओळ आणखी बदलली असेल, तर गिट थांबून विचारतं, यातलं कुठलं ठेवू? आपण होऊन ठरवत नाही, हे मला त्याचं फार आवडतं.

ही कल्पना प्रोग्रामरांची आहे आणि जुनी आहे. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी पहिली व्यवस्था लिहायला घेतली. गिट एप्रिल २००५ मधलं, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं. जगभर पसरलेले लोक एकाच मजकुरात बदल करतात, तेव्हा कुणी काय का बदललं हे कळायलाच हवं. एकाच गाण्याचे केरीतले आणि सत्तरीतल्याच ठाणे गावातले शब्द वेगळे असतात, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. तुमच्या कामाला ही वही प्रोग्रामरांच्या कामापेक्षा कमी लागत नाही.

पण गिट घेतलं म्हणून बॅकअप बंद करू नका. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण भाचेमंडळींकडून ते राहून जातं. साखळीकडचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा माझ्याकडे प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला यायचा. आठ महिन्यांचं काम, सगळं गिटमध्ये, रोजच्या नोंदी, बघून समाधान वाटावं असं. जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत पूर आला तो तुम्हाला आठवत असेल. त्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यातला लॅपटॉप गेला. गिटचा सगळा इतिहास त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात असतो. काम गेलं, त्याबरोबर कामाचा इतिहासही गेला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा सर्व्हरवर त्यानं एकदाही ‘पुश’ केलं नव्हतं, म्हणजे प्रत पाठवली नव्हती. शिवाय कमिट न केलेलं काम गिटला माहीतच नसतं, आणि ज्या फाइली तुम्ही त्याच्याकडे दिल्याच नाहीत त्यांचा तर प्रश्नच नाही.

मोठ्यांचंही असं होतं. गिटलॅब ही कंपनी लोकांचं गिटमधलं काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरनं चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपचे आणि प्रती ठेवण्याचे पाच मार्ग त्यांनी आखले होते, त्यांतला एकही भरवशाचा निघाला नाही. रोजचा एक बॅकअप कधीपासून होतच नव्हता, आणि तो होत नसल्याच्या ईमेल कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. त्या इंजिनिअरनंच दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. लोकांच्या गिटमधला मजकूर वाचला, पण त्याभोवतीच्या चर्चा, प्रतिक्रिया, नवी खाती यांची सहा तासांची नोंद कायमची गेली. त्यांनी हे सगळं स्वतः होऊन जाहीर केलं, म्हणून आपल्याला कळलं. ताई, तुमचा बॅकअप रोज रात्री ‘होतो’ असं तुम्ही लिहिलंय. त्यातली एखादी फाइल काढून उघडून शेवटची कधी बघितली होती? महिन्यातून एकदा बघा. मी दर संकष्टीला बघतो, म्हणजे विसरत नाही.

आता सुरुवात कशी करायची ते. वर्डची फाइल गिटमध्ये ठेवता येते, पण ती आतून गुंडाळलेली असते, त्यामुळे काय बदललं ते गिटला धड दाखवता येत नाही. गाणी साध्या टेक्स्ट फाइलींत घ्या, युनिकोडमध्ये, एका गाण्याला एक फाइल. गिट ओळीओळीनं तुलना करतं, आणि गाणं ओळींचंच असतं, त्यामुळे तुमचं काम त्याला फार सोयीचं पडेल. (माझ्यासारखे लांबलचक परिच्छेद लिहिणाऱ्यांचा एक शब्द बदलला तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो, तिथं ‘वर्ड-डिफ’ लावावं लागतं.) फाइलींना मराठी नावं दिलीत तर घाबरू नका. काळ्या खिडकीत (जिथं हुकूम टाइप करून गिट चालवतात) गिट ‘न’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २५० असे तीन आकडे तिरक्या रेघांसकट दाखवतं. फाइल बिघडलेली नसते. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग भाच्याला बंद करायला सांगा, अक्षरं दिसू लागतील. काळी खिडकी नको असेल तर ‘गिटहब डेस्कटॉप’ हे सॉफ्टवेअर घ्या, त्यात बटणं आहेत.

पहिलं कमिट आज हातात आहे त्याचंच करा, ‘शुद्ध’ केलेल्या गाण्यांचं. ते चूक आहे म्हणून लाजू नका, त्याचीही नोंद हवी. मग एकेक गाणं रेकॉर्डिंग ऐकून दुरुस्त करा आणि प्रत्येक गाण्याला एक कमिट. ओळ लिहिताना कंटाळा करू नका. ‘दुरुस्ती केली’ असं लिहिलंत तर वर्षानं तुम्हालाच कळणार नाही. ‘ठाण्याच्या आजीनं मांडावर सांगितल्यावरून दुसऱ्या कडव्यात आई बदलून आवय’ असं लिहा. उद्या कुणी ही गाणी अभ्यासायला घेतली, तर त्याला गाण्याइतकीच ही ओळ उपयोगी पडेल. आठवड्यातून एकदा सर्व्हरवर पुश करा. गिटहब या गिटचं काम इंटरनेटवर ठेवून घेणाऱ्या सेवेवर खाजगी ‘रेपॉझिटरी’, म्हणजे कामाची खाजगी जागा, जानेवारी २०१९ पासून फुकट मिळते. ‘खाजगी’च निवडा. बायकांनी गाणी तुम्हाला दिली आहेत, जगाला द्यायची की नाही हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, असं मला वाटतं.

रेकॉर्डिंग मात्र गिटमध्ये घालू नका. ती जड असतात आणि त्यांत तुम्ही बदल करणार नाही, मग आवृत्त्या कशाच्या? गिटहब तर शंभर एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. रेकॉर्डिंगसाठी बॅकअपच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं हा नियम रूढ केला. घराबाहेरची प्रत फोंड्याला किंवा पणजीला नातेवाइकांकडे ठेवा, वाळपईला नको, तिथं तोच पाऊस आणि तीच वीज. आणि डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला होता, तसले व्हायरस लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. गडगडलं की आमच्या घरी पहिली वायर डिस्कची निघते.

प्रश्न : माझ्या सगळ्या फाइली गूगल ड्राइव्हवर आहेत. म्हणजे बॅकअप आपोआप झालाच ना? (म्हापसा)

उत्तर : नाही. ते सिंक आहे, म्हणजे दोन ठिकाणी एकसारखं ठेवणं. लॅपटॉपवर फाइल पुसलीत की ड्राइव्हवरूनही ती कचऱ्यात जाते, आणि तीस दिवसांनी तिथूनही जाते. वर चढवलेल्या वर्ड किंवा पीडीएफ फाइलीच्या जुन्या आवृत्त्या तीस दिवस किंवा शंभर आवृत्त्यांपर्यंतच राहतात. तुमच्या लक्षात लवकर आलं तर वाचाल. ड्राइव्ह वापरा, मीही वापरतो, पण एक डिस्क वेगळी ठेवा, जिला ड्राइव्हमध्ये काय चाललंय ते कळत नाही अशी.

प्रश्न : आमच्या दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर आहे. मुलगा म्हणतो, डेटा गिटमध्ये ठेवू. ठेवू का? (मडगाव)

उत्तर : ठेवू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फाइली तुम्ही लिहीत नाही, ते सॉफ्टवेअर लिहितं. एक बिल केलं की चार फाइली एकदम बदलतात, आणि त्यांतली एक जुनी आणि तीन नव्या अशी खिचडी झाली तर काही उघडत नाही. सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप असतो तोच वापरा, दुकान बंद करताना, बाकीच्या कॉम्प्युटरांवरून सगळे बाहेर पडल्यावर. कुठली नोंद कुणी आणि का बदलली हे हवं असेल, तर सॉफ्टवेअरमध्येच नोंदी-बदलांचा हिशेब ठेवायची सोय असते का ते तुमच्या अकाउंटंटना विचारा. असेल तर आजच चालू करा, कारण चालू करण्याआधीचे बदल त्यात येत नाहीत.